जाता जाता लिहिलेलं एक वाक्य

पत्र: ताई, मी बाणेरला राहते. एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात गेली नऊ वर्षं नोकरी करते. पगाराबरोबर दरवर्षी कंपनीचे शेअर (आरएसयू) मिळत गेले आणि मी एकही विकला नाही. आज घरच्या बचतीतला निम्म्याहून जास्त पैसा तोच आहे. गेल्या महिन्यात आमचे सीएफओ, म्हणजे कंपनीचे वित्तप्रमुख, अचानक सोडून गेले. मग एका वेबसाइटवर दिसलं, की दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी शेअर विकले. त्यात टीव्हीवर उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्र चाचणीची बातमी, आणि दुसऱ्या दिवशी आमचा शेअर चार टक्के खाली. मिस्टर म्हणतात, आत्ताच्या आत्ता सगळं काढून टाक. ऑफिसातले म्हणतात, थांब, घाबरून विकणारे मागाहून पस्तावतात. फायनान्समधली मैत्रीणही म्हणाली, या तिमाहीचे आकडे काही खरे नाहीत. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांनी तिच्या शिक्षणाला मोठी रक्कम लागेल. तिकडचा बाजार बंद होईपर्यंत, रात्री दीड-दोनपर्यंत, मी फोन बघत बसते. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, म्हणून सुरुवात तिथूनच करते. सीएफओ, अधिकाऱ्यांची विक्री आणि क्षेपणास्त्र या तिन्ही बातम्या जगजाहीर आहेत. मैत्रिणीचं वाक्य जगजाहीर नाही. कंपनीचे निकाल लागायच्या आधी, फायनान्समध्ये बसणाऱ्या माणसाकडून, आकडे वाईट आहेत असं कळलं आणि त्यानंतर शेअर विकले, तर तो गुन्हा ठरू शकतो. तुम्ही पुण्यात बसून विकलेत म्हणून काही फरक पडत नाही. शेअर अमेरिकेच्या बाजारात विकला जाणार, तेव्हा कायदाही तिकडचाच लागणार. आणि प्रत्येक व्यवहाराची वेळ मिनिटासकट ब्रोकरकडे नोंदलेली असते.

म्हणून माझं पहिलं सांगणं: निकाल जाहीर होऊन विक्रीची खिडकी, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर विकायला कंपनी जे दिवस मोकळे ठेवते ते, उघडेपर्यंत एकही शेअर विकायचा नाही. मिस्टरांनी कितीही आग्रह धरला तरी नाही. त्यांना ते वाक्य सांगितलं असेल, तर त्यांनीही स्वतःच्या खात्यातून या कंपनीत काही घ्यायचं-विकायचं नाही. मैत्रिणीला पुढचं काही विचारू नका आणि तिचं म्हणणं ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका. ती चहाच्या टेबलावरची कुरकुर होती की आकडे बघून केलेलं विधान, हे ठरवणं तुमचं काम नाही, कंपनीच्या कायदा विभागाचं आहे. पत्रात कंपनीचं नाव लिहिलं नाहीत, हे फार बरं केलंत.

मी एवढं का बजावते आहे, ते एका खऱ्या प्रकरणावरून सांगते. तुमच्या तिन्ही बातम्या त्यात एकत्र आल्या होत्या.

एक्विफॅक्स ही अटलांटाची कंपनी. आपल्याकडे सिबिल ठेवते तशी ती अमेरिकेत लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवते. २०१७ च्या उन्हाळ्यात तिच्या संगणकांतून १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली. कंपनीला संशय आला २९ जुलैला, पण चोरी जाहीर झाली ती थेट ७ सप्टेंबरला. मधल्या काळात, १ आणि २ ऑगस्टला, सीएफओ जॉन गॅम्बल आणि आणखी दोन वरिष्ठांनी मिळून सुमारे १८ लाख डॉलरचे शेअर विकले होते. चोरी उघड झाल्यावर ही विक्री देशभर गाजली, आणि गाजायलाच हवी होती. आठवडाभरात शेअर १४२ डॉलरवरून ९३ च्या आसपास आला. संचालक मंडळाच्या समितीने कागद, ईमेल, मेसेज तपासले आणि नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष दिला, की विकताना त्या तिघांना चोरीची कल्पना नव्हती.

शिक्षा झाली ती तोवर कुणाच्याही चर्चेत नसलेल्या माणसाला. कंपनीच्या एका विभागाचा तंत्रज्ञान प्रमुख, जून यिंग. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं, की चोरी आपल्याच घरात झाली आहे. २५ ऑगस्टच्या शुक्रवारी काही लोकांना तातडीने कामाला लावलं गेलं, एका ग्राहकाचं काम म्हणून. यिंगने दोन आणि दोन चार केले आणि सहकाऱ्याला मेसेज केला, की हे प्रकरण बहुधा आपलंच आहे. सोमवारी सकाळी त्याने इंटरनेटवर शोधलं, की २०१५ मध्ये एक्सपेरियन या दुसऱ्या कंपनीत अशी चोरी झाली तेव्हा तिच्या शेअरचं काय झालं होतं. मग तासाभरात हातातले सगळे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचे हक्क, वापरले आणि मिळालेले शेअर विकून टाकले, साडेनऊ लाख डॉलरचे. एक लाख सतरा हजार डॉलरचं नुकसान वाचवलं, आणि २०१९ मध्ये चार महिन्यांचा तुरुंगवास पदरात पडला. ती रक्कम भरून द्यावी लागली, वर दंड. त्याच कंपनीतल्या एका सॉफ्टवेअर व्यवस्थापकानेही असाच अंदाज बांधला आणि पत्नीच्या खात्यातून भाव पडण्यावर पैसे लावले. त्याला आठ महिन्यांची घरकैद झाली.

ही माणसं अट्टल लबाड होती असं मला वाटत नाही. आतलं काही कानावर आलं, धसका बसला आणि बोट बटणावर गेलं. तुम्ही आज नेमक्या त्याच जागी आहात, म्हणून जीव तोडून सांगते आहे.

आता तुमच्या तीन बातम्या.

क्षेपणास्त्राचं लवकर आटोपते. १५ सप्टेंबर २०१७ ला जपानमध्ये सकाळी सातच्या सुमारास उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र होक्काइदोवरून गेलं आणि ३,७०० किलोमीटरवर समुद्रात पडलं. त्याच दिवशी एक्विफॅक्सने आपल्या तंत्रज्ञान प्रमुखाची आणि सुरक्षा प्रमुखाची निवृत्ती जाहीर केली. आणि त्याच दिवशी अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक इतिहासात पहिल्यांदा २,५०० च्या वर बंद झाला. त्याआधी २९ ऑगस्टला, मुंबई पावसात बुडाली होती त्या मंगळवारी, असंच क्षेपणास्त्र जपानवरून गेलं होतं आणि सेन्सेक्स ३६२ अंशांनी पडला होता. बुधवारी त्यातले २५८ अंश भरून निघाले. होक्काइदोतल्या ज्या लोकांचे फोन पहाटे सायरनसारखे वाजले आणि ज्यांना आसरा शोधायला सांगितलं गेलं, त्यांच्यासाठी ती भीती खरीच होती. तिला मी हलकं लेखत नाही. चाचणीची जागा कधीच युद्ध घेणार नाही, अशी हमीही कुणी देऊ शकत नाही. पण तुम्हाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझ्या कंपनीचे कारखाने, ग्राहक, कच्चा माल त्या भागात अडकलाय का? चिप बनवणारी कंपनी असती तर दक्षिण कोरिया आणि तैवानचा विचार करावा लागला असता. तुमचं उत्पादन सॉफ्टवेअर आहे. ही बातमी नागरिक म्हणून वाचा, शेअरधारक म्हणून तिच्यावर काही करायचं नाही.

अधिकारी सोडून जाण्याची बातमी जरा जास्त लक्ष देण्याजोगी. तीही दोन्ही बाजूंनी फसवते. १८ ऑगस्ट २०१७ ला विशाल सिक्कांनी इन्फोसिस सोडली, त्या एका दिवसात शेअर जवळपास दहा टक्के कोसळला. सहा दिवसांत नंदन नीलेकणी परत आले आणि वर्षभरात जुना भाव कुठल्या कुठे मागे पडला. याउलट १४ ऑगस्ट २००१ ला जेफ्री स्किलिंग यांनी एन्रॉनचं सीईओपद अवघ्या सहा महिन्यांत सोडलं, कारण दिलं वैयक्तिक. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत होतं. २ डिसेंबरला तीच एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

मग फरक ओळखायचा कसा? वेबसाइटवरचा मथळा सोडा आणि कंपनीने अमेरिकेच्या बाजार नियामकाकडे, म्हणजे एसईसीकडे, दिलेला मूळ कागद उघडा. मोठा अधिकारी सोडून गेला की चार कामकाजाच्या दिवसांत ‘८-के’ नावाचं निवेदन द्यावं लागतं. ते सगळ्यांना मोफत वाचता येतं, आणि बहुतेक वेळा पानभराचंच असतं. त्यात बघा: सीएफओ लगेच गेले की पुढचे निकाल पार पाडून जाणार आहेत? जागेवर कोण येणार ते ठरलंय का? हिशेबांवरून मतभेद नव्हते, असं स्पष्ट लिहिलंय का? आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की पुढेमागे ऑडिटरही बदललाय का किंवा निकालाची तारीख लांबलीय का? सीएफओ गेला, ऑडिटर गेला आणि निकाल पुढे ढकलले, हे तिन्ही एकत्र आलं तर मी झोपू शकणार नाही. नुसता सीएफओ दुसऱ्या कंपनीत गेला, तर तो बऱ्याचदा पगार आणि पद बघून गेलेला असतो.

राहिली अधिकाऱ्यांची विक्री. इथे तुम्ही जी वेबसाइट बघताय तीच तुमची झोप उडवते आहे. अधिकाऱ्याने शेअरचा व्यवहार केला की दोन कामकाजाच्या दिवसांत ‘फॉर्म ४’ भरावा लागतो. त्यात प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर असतं. ‘एस’ म्हणजे बाजारात विक्री. ‘एम’ म्हणजे ऑप्शन वापरून शेअर घेतले. ‘एफ’ म्हणजे शेअर हातात पडताना करापोटी कंपनीने काही कापून घेतले. तुमचे आरएसयू व्हेस्ट होतात, म्हणजे प्रत्यक्ष तुमच्या नावावर येतात, तेव्हा करासाठी काही शेअर कापले जातात ना? तो तुमचा कंपनीवरचा अविश्वास असतो का? पण कित्येक वेबसाइट ही ‘एफ’ची ओळसुद्धा ‘अधिकाऱ्यांनी शेअर काढले’ म्हणून लाल रंगात दाखवतात.

समजा ओळ ‘एस’चीच निघाली. मग पानाच्या वरच्या भागातली चौकट बघा. विक्री आधी ठरवलेल्या योजनेनुसार, म्हणजे १०बी५-१ नियमाखाली, झाली असेल तर तिथे खूण असते. २०२३ पासून ती सक्तीची आहे. योजना केव्हा केली ती तारीखही तळटीपेत मिळते. नव्या नियमांनुसार संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना योजना केल्यावर किमान ९० दिवस थांबावं लागतं, तेव्हा गेल्या महिन्यातली विक्री त्याच्या बऱ्याच आधी ठरलेली असू शकते. आणि शेवटी तो रकाना वाचा, जिथे विक्रीनंतर किती शेअर उरले ते लिहिलेलं असतं. तीन लाखांतले दहा हजार विकणारा माणूस घर घेत असेल, घटस्फोटाची रक्कम भरत असेल, काहीही असेल. योजनेशिवाय, निकालाच्या तोंडावर, निम्मे शेअर फुंकणारा माणूस वेगळा. एकाच वेळी अशी तीन-चार माणसं दिसली, तर ती खूण मी गंभीरपणे घेईन.

एन्रॉनकडे परत येते, कारण त्यातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट भिडते. राजीनाम्यानंतर महिन्याभराने, १७ सप्टेंबर २००१ ला, स्किलिंग यांनी पाच लाख शेअर विकले, दीड कोटी डॉलरहून जास्तीचे. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बाजार उघडला तो हाच पहिला दिवस. का विकलेत, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, हल्ल्यामुळे बाजाराची भीती वाटली. कारण पटण्यासारखं होतं, त्या दिवशी सगळ्या जगालाच भीती वाटत होती. पण ब्रोकरशी झालेल्या फोनच्या नोंदीतून निघालं, की ६ सप्टेंबरलाच, हल्ल्याच्या पाच दिवस आधी, त्यांनी दोन लाख शेअर विकायचा प्रयत्न केला होता. खटल्यात त्यांच्यावर अंतर्गत माहितीवरून विक्रीचे दहा आरोप होते. नऊ सिद्ध झाले नाहीत. सिद्ध झाला तो नेमका १७ सप्टेंबरचा.

जगातली मोठी बातमी विक्रीचं कारण म्हणून पुढे करता येते, पण खरं कारण आधीचं असेल तर ते कुठेतरी नोंदलेलं असतं. उद्या तुम्ही विकलंत आणि कुणी विचारलं, तर ‘क्षेपणास्त्राची भीती वाटली’ हे उत्तर तुमच्याही कामाला येणार नाही. मैत्रिणीचा मेसेज फोनवर असेल, तर मुळीच नाही.

एन्रॉनचं दुसरं दुःख तिथल्या कर्मचाऱ्यांचं. त्यांच्या निवृत्ती खात्यांतला साठ टक्क्यांहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. कंपनीने आपल्या वाट्याचे म्हणून दिलेले शेअर तर वयाच्या पन्नाशीपर्यंत विकताच येत नव्हते. २००० च्या ऑगस्टमध्ये शेअर ९० डॉलरला होता, पुढच्या वर्षी नोव्हेंबर संपताना एक डॉलरच्याही खाली. अध्यक्ष केनेथ ले सप्टेंबरअखेर कर्मचाऱ्यांना सांगत होते, की या भावाला शेअर म्हणजे मोठीच संधी आहे. स्वतःचे शेअर मात्र ते कंपनीलाच परत विकत आले होते, आणि तेव्हाच्या नियमानुसार तशी विक्री पुढच्या वर्षापर्यंत जाहीर करावी लागत नव्हती. २००२ च्या कायद्याने ती पळवाट बुजवली. लोकांची नोकरी आणि म्हातारपणची पुंजी एकाच आठवड्यात गेली. त्यांनी काही चूक केली होती असं नाही. जिथे राबत होते तिथेच बचत ठेवली, एवढंच.

तुमचंही हेच झालंय, आणि मला काळजी वाटते ती याची. सीएफओ राहिले असते, कुणी एक शेअर विकला नसता, उत्तर कोरिया गप्प असतं, तरीही मी तुम्हाला हेच लिहिलं असतं: पगारही तिथला आणि निम्म्याहून जास्त बचतही तिथलीच, हे बरोबर नाही. मिस्टरांचं ‘सगळं’ आणि ‘आत्ता’ दोन्ही चुकतंय, पण कमी करा हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांना तसं मोकळेपणी सांगा. घरातला वाद निम्मा तिथेच मिटेल.

खिडकी उघडली की मुलीच्या शिक्षणाचे पैसे आधी मोकळे करा. दोन वर्षांनी लागणारी रक्कम कुठल्याच शेअरमध्ये नको. ती मुदत ठेवीत ठेवा. शिक्षण परदेशात व्हायचं असेल तर डॉलरमध्ये ठेवायचे कायदेशीर मार्ग सीएंना विचारा. उरलेले शेअर पुढच्या चार-सहा तिमाह्यांत, दर खिडकीत ठरलेली संख्या याप्रमाणे, कमी करत न्या. एकूण बचतीच्या दहा-पंधरा टक्क्यांवर ते आले की थांबा. हा आकडा माझ्या मताचा आहे, तुम्ही थोडा इकडेतिकडे करू शकता. १०बी५-१ ची योजना सामान्य कर्मचाऱ्यालाही करता येते आणि त्याला ३० दिवस थांबलं की पुरतं. ती एकदा केली की भाव बघत जागायचं कारणच उरत नाही. मात्र योजना करतानाही हातात आतली माहिती असता कामा नये, तेव्हा तीही निकालानंतरच. पुढे व्हेस्ट होणारे शेअर त्याच दिवशी विकायची सोय बऱ्याच कंपन्या देतात. तुमच्याकडे असेल तर ती घ्या.

कराचं थोडक्यात: व्हेस्ट होताना तुम्ही पगार म्हणून कर भरलेलाच आहे. विकताना त्यानंतर वाढलेल्या भावावरच कर लागेल. २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्यांवर १२.५ टक्के, अलीकडच्यांवर तुमच्या टप्प्याप्रमाणे. म्हणून जुने शेअर आधी विका. दरवर्षीच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे शेअर दाखवताय ना, ते तपासा. नऊ वर्षांत एखादं वर्ष राहिलं असेल तर सीएंना लपवू नका. आणखी एक बाब, जी फार थोड्यांना ठाऊक असते: अमेरिकेत न राहणाऱ्या परक्या नागरिकाच्या नावावर ६०,००० डॉलरहून जास्त अमेरिकन शेअर असतील आणि त्याचं निधन झालं, तर तिकडचा वारसा कर लागू शकतो, आणि तो दर जबर आहे. भारताशी त्याबाबत करार नाही. शेअर कमी करायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

आज करायचं काम एकच. कायदा विभागाला मेल टाका: ‘माझ्याकडे कंपनीचे शेअर आहेत, पुढच्या काही तिमाह्यांत ते कमी करायचे आहेत. मला विक्रीची खिडकी कधी उघडेल, आधी परवानगी लागते का, आणि माझ्यासाठी १०बी५-१ योजना उपलब्ध आहे का?’ सहकाऱ्याकडून निकालाबद्दल काही कानावर आलं आहे, हेही त्यात एका वाक्यात लिहा. मैत्रिणीचं नाव लगेच लिहायची गरज नाही, पण विचारलं तर खोटं बोलू नका. तिलाही आधी सांगून ठेवा, की यापुढे निकालाआधी आकड्यांबद्दल माझ्याजवळ बोलू नकोस. तिची नोकरी तुमच्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.